गाडीच्या लोखंडी भागांसाठी टिकाऊ स्प्रे पेंट: नागपूरच्या हवेत कोणता घ्यावा, कसा मारावा

रंगाच्या दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मॅट ब्लॅक आहे का?" दुकानदार डबा काढून देतो. घरी आल्यावर तोच डबा साइड स्टँडवर चालतो आणि तोच सायलेन्सरवर. स्टँडवरचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी निघतो, सायलेन्सरवरचा पहिल्या फेरीत धूर सोडून करपतो. डबा चांगल्या कंपनीचाही असेल, पण तो त्या भागासाठी बनवलेला नव्हता.

म्हणून दुकानात जाण्याआधी प्रत्येक भागाबद्दल चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. भाग कशाचा आहे: साधे लोखंड, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा की क्रोम? (ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, एवढी परीक्षा घरी होते.) तो किती तापतो? त्यावर पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडते का? चाकातून उडणारी खडी त्याला लागते का? या चार उत्तरांवर डबा जवळपास ठरतो. रंगाची छटा सगळ्यात शेवटी.

चार प्रकारचे डबे

साधा ॲक्रिलिक लॅकर सगळीकडे मिळतो. पंधरा-वीस मिनिटांत हाताला सुकतो, चुकले तर थिनरने पुसून पुन्हा मारता येतो. नवशिक्याला ही सोय मोठी वाटते, पण त्याची कमजोरीही तिथेच आहे. हा रंग फक्त आतला द्रावक उडून सुकतो, आत कुठलीही रासायनिक गाठ बसत नाही. त्यामुळे जो थिनरने विरघळतो तो वर्षभरानंतरही पेट्रोलने मऊ पडतो. ज्या भागाला पेट्रोल, ऊन किंवा खडी लागत नाही तिथे हा चालेल.

सिंथेटिक इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. थर जाड बसतो आणि त्यात थोडी लवचीकता राहते, म्हणून कॅरिअर, लेगगार्ड, चेसिसचे ब्रॅकेट, स्टँड यांना तो लॅकरपेक्षा बरा. सुकायला मात्र वेळ घेतो, आणि दुसरा कोट कधी मारायचा याचा त्याचा नियम कडक आहे. तो पुढे येईल.

टू-के म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन घटक एकाच डब्यात. हार्डनर आत वेगळ्या कुपीत असतो. बुडाशी असलेले बटण दाबले की कुपी फुटते, मग दोन मिनिटे हलवून रंग वापरायचा. एकदा बटण दाबले की घड्याळ सुरू झाले. बहुतेक डबे २४ ते ४८ तासांत आतल्या आत घट्ट होतात आणि उरलेला रंग फुकट जातो. वाळलेला थर मात्र पेट्रोल, ऊन, ब्रेक ऑइल यांसमोर साध्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. 'पीयू', 'टू-के', 'टू कॉम्पोनंट' यांपैकी काही लिहिलेले असेल तरी बुडाशी बटण आहे का ते बघा. बटण नसेल तर तो खरा टू-के नाही, नाव काहीही असो.

चौथा हीट रेझिस्टंट. यात सिलिकॉन रेझिन असते आणि डब्यावर ६०० अंश सेल्सिअस वगैरे लिहिलेले असते. एवढ्या उष्णतेला खऱ्या अर्थाने टिकणारे रंग काळा आणि चांदी. लाल, निळ्या छटा त्याआधीच फिक्या पडतात.

कोणत्या भागाला काय

चेसिस, स्विंग आर्म, स्टँड, फूटरेस्टचे ब्रॅकेट: यांना खडी, चिखल आणि साचलेले पाणी सोसायचे असते. विदर्भातली काळी माती ओली असताना स्विंग आर्मच्या खालच्या बाजूला, वेल्डिंगच्या सांध्यांत थापली जाते आणि दिवसेंदिवस ओलावा धरून ठेवते. गंज तिथूनच सुरू होतो. इथे इपॉक्सी प्रायमर आणि वर इनॅमल किंवा टू-के काळा. चमकदारपेक्षा सॅटिन घ्या. मॅटमध्ये धूळ आणि ग्रीस अडकते, चमकदारावर प्रत्येक ओरखडा दिसतो.

पेट्रोलची टाकी: इथे काटकसर करू नका. रंग साधा बेसकोट असला तरी चालेल, पण वरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) टू-केच हवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. झाकणापाशी ते ओघळले की साध्या क्लिअरवर आधी पांढरट डाग पडतो, मग तिथे चिकटपणा येतो. टाकी रिकामी करून, काढून, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच कामाला घ्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

सायलेन्सर आणि इंजिनाजवळचा बेंड पाइप: फक्त हीट रेझिस्टंट, आणि खाली साधा प्रायमर अजिबात नाही. प्रायमर करपतो आणि वरचा चांगला रंग सोबत घेऊन सुटतो. लोखंड उघडे, स्वच्छ, १८० ते २४० नंबरच्या वॉटर पेपरने (घासायच्या कागदाने) खरवडलेले असावे आणि त्यावर दोन-तीन अगदी पातळ कोट. जाड थर तापला की खालचा द्रावक उकळून फोड येतात. हा रंग हवेत सुकलेला दिसला तरी पिकलेला नसतो, तो उष्णतेनेच पिकतो. डब्यावरचा तक्ता बघा. तो नसेल तर आधी दहा मिनिटे इंजिन चालवून पूर्ण थंड करा, मग वीस मिनिटे चालवून पुन्हा थंड करा, तिसऱ्यांदा सावकाश पंधरा-वीस किलोमीटरची फेरी. हे उघड्या जागी करा, कारण पहिल्या दोन वेळा धूर आणि वास येणारच. पिकण्याआधी त्यावर पेट्रोल किंवा पाण्याचा जोरदार फवारा पडू देऊ नका. एक गोष्ट आधीच समजून घ्या: सीताबर्डी ते धरमपेठ अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून सडतो. तो पुरेसा तापत नाही, जळणातून तयार होणारे पाणी आतच राहते. तसा पत्रा बाहेरून रंगवून वाचत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भुसभुशीत आवाज आला तर डब्याचे पैसे नव्या सायलेन्सरसाठी ठेवा.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्या (फिन): हीट रेझिस्टंट, पातळ. जाड थर गोधडीसारखा उष्णता अडवतो.

ब्रेक कॅलिपर: साधारण २५० अंशांपुढचा कॅलिपर पेंट किंवा हीट रेझिस्टंट. पिस्टन, रबरी बूट, ब्लीडर निप्पल आणि पॅडची जागा टेपने पूर्ण झाका. डिस्कवर थेंब जरी उडाला तरी ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय गाडी हलवू नका.

लोखंडी रिम: इपॉक्सी प्रायमर, रंग, टू-के क्लिअर. चाकाचा नट जिथे बसतो तो शंकूसारखा भाग आणि हबला टेकणारी सपाट जागा मात्र कोरी ठेवा. तिथे रंग राहिला तर नट घट्ट वाटतो, पण पुढच्या प्रवासात रंगाचा थर दबतो आणि नट सैल होतो. असे नट चालत्या गाडीत सुटू शकतात, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. ट्यूबलेस टायरचा काठ जिथे बसतो तिथेही रंगाचे गोळे नकोत, हवा गळते.

बॅटरीचा निगेटिव्ह वायर जिथे चेसिसला बोल्टने जोडला असतो ती जागाही टेपने झाका. रंगवली तर अर्थिंग तुटते, सेल्फ अडतो, आणि कारण शोधताना दिवस जातो. चेसिसवर कोरलेला नंबरही असाच जपा. त्यावर घासू नका आणि जाड रंग चढवू नका, तो वाचता आला पाहिजे. गाडीचा मुख्य रंगच बदलणार असाल तर आरसीमध्ये रंगाची नोंद असते, ती आरटीओतून बदलून घ्यावी लागते. स्टँड-सायलेन्सरला हे लागू नाही.

क्रोमवर कुठलाच डबा टिकत नाही. क्रोम घासून लोखंडापर्यंत न्यायचा तर तासन्‌तास जातात. लेगगार्ड, रिम असे सुटे भाग असतील आणि त्यांत रबर, बुश, शॉकअपचे ऑइल नसेल तर सरळ पावडर कोटिंगला द्या. ती १८० ते २०० अंशांवर भाजली जाते, थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतो आणि खडीला डब्याच्या रंगापेक्षा जास्त टिकतो. हिंगण्याच्या एमआयडीसी भागात अशी कामे होतात. स्प्रे डब्याच्या कामाला निघालेल्या माणसालाही हे सांगणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण चारही रिम डब्याने करण्यात जो वेळ जातो तो पाहता पावडर कोटिंग बऱ्याचदा परवडते.

प्रायमर: आयुष्य इथे ठरते

वरचा रंग पाण्याला फार थोडा वेळ अडवतो. लोखंडाला धरून ठेवायचे आणि ओलावा रोखायचा हे काम प्रायमरचे. म्हणून पैसे कमी असतील तर रंग साधा घ्या, प्रायमर चांगला घ्या.

इपॉक्सी प्रायमर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीला धरतो आणि पाणी सगळ्यात चांगले रोखतो. त्याला ऊन सोसत नाही, पावडर सुटते, म्हणून वर रंग लागतोच. एच (इंग्रजीत etch) प्रायमरमध्ये थोडे आम्ल असते, ते कोऱ्या धातूला चावा घेते. ॲल्युमिनियमला हा उत्तम. पण एच प्रायमरवर इपॉक्सी मारू नका, डब्यावर स्पष्ट परवानगी असेल तरच. झिंक प्रायमर म्हणजे जस्ताच्या पुडीने भरलेला, वेल्डिंग केलेल्या जागांसाठी चांगला. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते, पण त्यासाठी ते कोऱ्या लोखंडाला टेकले पाहिजे. जुन्या रंगावर मारलेला झिंक प्रायमर नुसता राखाडी रंग ठरतो. सर्फेसर किंवा फिलर प्रायमर बारीक ओरखडे भरतो, गंज अडवण्यासाठी त्यावर विसंबू नका. नेहमीचा तांबडा रेड ऑक्साइड इनॅमलखाली ठीक, टू-केखाली नको.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर थेट सिंथेटिक इनॅमल मारला तर काही महिन्यांत तो पापुद्र्याने उठतो. जस्त आणि इनॅमलमधले तेल यांची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर बनतो, त्यामुळे पकडच राहत नाही. इथेही इपॉक्सी किंवा एच प्रायमर आधी.

रस्ट कन्व्हर्टर तपकिरी गंजाला काळा करून स्थिर करतो. हलक्या, घट्ट बसलेल्या गंजासाठी तो आहे. पापुद्रे सुटणारा गंज आधी वायर ब्रशने काढलाच पाहिजे. त्यावर एच प्रायमर कधीच नको, आम्लावर आम्ल चढते आणि पकड सुटते. २४ तास वाळू देऊन, डब्यावर सांगितले असेल तसे पुसून, मग इपॉक्सी.

नागपूरचे हवामान सांभाळून

चांगला काळ दोन. दसऱ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत, आणि मग फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. हवा कोरडी, धातू २० ते ३० अंशांच्या आसपास, वारा बेताचा.

एप्रिल-मेमध्ये तापमान ४५ च्या घरात जाते. उन्हात ठेवलेला पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. अशा पत्र्याकडे जाणारा रंगाचा थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर वाळूसारखा बसतो. हात फिरवला तर कागदासारखे खरखरीत लागते. तो थर सच्छिद्र असतो, जूनमध्ये त्यातूनच पाणी आत जाते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर हे काम काढूच नका. अगदीच करायचे असेल तर सकाळी साडेसहा ते साडेआठ, सावलीत, रात्रभर आत ठेवलेल्या भागावर.

उन्हाळ्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नये असे छापलेले असते, आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद कार आतून त्याहून जास्त तापते. डबा फुटतो, आणि आत ज्वालाग्राही वायू असतो. इतवारीतून डबे आणले की थेट घरात, थंड कोपऱ्यात.

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाफ धरते आणि काळा रंग दुधाळ दिसू लागतो. आर्द्रता ८५ टक्क्यांहून जास्त असेल तर डबा उघडूच नका. आणि कुलर चालू असलेल्या खोलीत किंवा त्याच्या झोतासमोर कोणत्याही ऋतूत रंगकाम करू नका. बाहेर हवा कोरडी असली तरी कुलर खोली ओली करतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लोखंडावर दव असते. अकरा ते तीन ही वेळ धरा. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटे उभा ठेवा. पाण्यात हात आरामात राहिला पाहिजे. गॅस, गिझर, हीटर यांपाशी डबा कधीच गरम करायचा नाही.

दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी चकचकीत करण्याची घाई दरवर्षी असते. रंग निदान दहा दिवस आधी संपवा. कच्च्या रंगावर लागलेली हळद आणि कुंकू आत मुरते आणि डाग कायमचा बसतो.

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना हवेतल्या बारीक राखेचा त्रास वेगळाच. तिथे ताडपत्रीचा आडोसा तीन बाजूंनी हवाच.

किती डबे, काय सामान

४०० मिलीच्या डब्यात गॅस आणि द्रावकच जास्त असतात, धातूवर राहणारा माल थोडाच. एका डब्यात साधारण दीड चौरस मीटर एक कोट धरा, त्यातलाही काही रंग नळ्या आणि सळ्यांच्या बाजूने हवेत जातो. एका पातळ कोटात साधारण १० ते १५ मायक्रॉन थर बसतो. कारखान्यातून निघालेल्या कारच्या बॉडीवर सगळे थर मिळून १०० मायक्रॉन किंवा थोडे जास्त असतात. दोन कोट मारून "झाले" म्हणणाऱ्यांचा रंग लवकर का जातो ते यावरून कळेल.

अंदाज असा: मोटारसायकलची टाकी आणि दोन बाजूचे पत्रे असतील तर प्रायमर १, रंग २, टू-के क्लिअर १. स्विंग आर्म, दोन्ही स्टँड आणि ब्रॅकेट यांना प्रायमर १, रंग २. सायलेन्सर आणि बेंड पाइप यांना हीट रेझिस्टंट १. कारच्या चार लोखंडी रिमची बाहेरची बाजू: प्रायमर २, रंग ३, क्लिअर २. मेटॅलिक असेल तर सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, चांदीची छटा बॅचगणिक बदलते. दुकानातच डबा हलवून आतली गोळी वाजते का बघा आणि उत्पादनाची तारीख वाचा.

याशिवाय ८०, १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे वॉटर पेपर, वायर ब्रश, मास्किंग टेप आणि जुनी वर्तमानपत्रे, तुकडे न सोडणाऱ्या सुती कापडाचे पाच-सहा रुमाल, ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी हातमोजे, चष्मा. आणि मास्क. तोंडाला दुपट्टा बांधून हे काम करू नका. दुपट्टा धूळ अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. टू-केमधल्या आयसोसायनेटने दमा कायमचा जडू शकतो, आणि त्याला वास जवळपास नसल्याने कळतही नाही. टू-के नेहमी उघड्यावर, अंगभर कपडे घालून, मुले आणि शेजारी दूर असतानाच. ज्याला आधीच दमा आहे त्याने टू-के स्वतः मारू नये, चांगल्या पेंटरकडून करून घ्यावा.

काम: पायरीपायरीने

१. भाग काढता येत असेल तर काढा. गाडीवर ठेवून रंगवलेल्या भागाची मागची बाजू नेहमी राहून जाते.

२. आधी तेल काढा, मग घासा. उलटे केले तर चेनचे ग्रीस कागदाने लोखंडात चोळले जाते. जाड ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने, नंतर भांड्यांच्या लिक्विडने आणि पाण्याने धुणे, पूर्ण वाळवणे, शेवटी ग्रीस रिमूव्हर. एका रुमालाने ओले पुसा आणि ते उडण्याआधीच दुसऱ्या कोरड्या रुमालाने टिपा. उडू दिले तर तेल तिथेच राहते. पुसायला पेट्रोल वापरू नका, मागे तेलकट थर राहतो आणि आगीचा धोका वेगळाच.

३. जुना रंग ओळखा. थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग बोळ्याला आला तर तो लॅकर आहे. आला नाही तर पिकलेला टू-के किंवा कारखान्याचा भाजलेला रंग, त्यावर व्यवस्थित घासून काहीही चालेल. सुरकुत्या आल्या तर इनॅमल. त्यावर लॅकर मारू नका, तसाच फुगेल. पूर्ण काढा.

४. गंजाची जागा ८० नंबरने चकाकणाऱ्या लोखंडापर्यंत आणा. जुन्या रंगाची कड १८०, मग ३२० ने अशी उतरती करा की बोटाला पायरी लागणार नाही. शाबूत जुना रंग ३२० ने फक्त मॅट करायचा. वेल्डिंगच्या सांध्यात कागद पोचत नाही, तिथे वायर ब्रश आणि त्यानंतर रस्ट कन्व्हर्टर.

५. पुन्हा पुसा. उघड्या लोखंडाला आता बोट लावू नका. रस्ट कन्व्हर्टर लावलेली जागा सोडून बाकीच्याला प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात. पावसाळी हवेत रात्रभर ठेवलेल्या उघड्या लोखंडावर सकाळी तांबूस छटा दिसते. ती दिसली तर मागे जाऊन घासावे लागते.

६. जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उठणार नाही, आणि पंधरा मिनिटे थांबा. शेजाऱ्यांच्या गाड्या दूर करायला सांगा. वाऱ्यावर उडालेले कण पाच-सहा मीटरवरच्या काचेवरही बसतात.

७. गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटे डबा हलवा. मग पुठ्ठ्यावर मारून बघा.

८. अंतर २० ते २५ सेंमी. फवारा भागाच्या बाहेर सुरू करा, भागावरून सरळ न्या, पलीकडे बाहेर बंद करा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा. हाताचे मनगट वळवू नका, पूर्ण हात सरकवा. नळी, कोपरे, सांधे यांच्या आतल्या बाजू आधी मारा आणि मोकळे भाग नंतर.

९. पहिला कोट धुक्यासारखा, खालचे दिसत राहिले तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, क्लिअरचे दोन कोट. प्रायमर सुकल्यावर ४०० ने, टाकीसारख्या दिसणाऱ्या भागाला ६०० ने पाण्यात घासा, वाळवा, पुसा. मेटॅलिक रंगाचा वरचा कोट घासायचा नसतो, क्लिअर थेट त्यावर.

१०. काम संपले की साधा डबा उलटा धरून फक्त गॅस येईपर्यंत दाबा, म्हणजे नोझल उघडा राहतो. टू-केला याचा उपयोग नाही.

टेप रंग मऊ असतानाच, अर्ध्या-पाऊण तासाने, मागे दुमडून काढा. दुसऱ्या दिवशी काढला तर रंगाची कड सोबत येते. चोवीस तासांनी भाग हाताळा, सात दिवसांनी बोल्ट कसा, पहिले दहा दिवस साबण नको, महिनाभर पॉलिश नको.

बिघडते ते का

सुरकुत्या: इनॅमलची पुन्हा कोट मारण्याची वेळ चुकली. डब्यावर "एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" अशा अर्थाचे काही लिहिलेले असते. मधल्या वेळात वरचा थर अर्धवट पिकलेला असतो. नवा द्रावक आत शिरतो, खालचा थर फुगतो, पण त्याला जागा नसते, म्हणून तो चुरगळतो. उपाय एकच: आठवडा वाळू द्या, पूर्ण घासा, पुन्हा. वरून अजून एक कोट मारून कोणाचेही भले झालेले नाही.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे: सिलिकॉन किंवा तेल. डॅशबोर्ड पॉलिश, टायर शाइन, डब्ल्यूडी-४० यांपैकी काही त्याच जागेत फवारले असेल तर त्याचे कण हवेतून येऊन बसतात. रंगकामाच्या आधी दोन दिवस तिथे हे काहीही वापरू नका.

संत्र्याची साल: नागपूरकराला ही खूण शिकवावी लागत नाही. डबा फार लांब धरला, हवा गरम होती किंवा डबा थंड होता, म्हणून थेंब एकमेकांत मिसळण्याआधी सुकले. क्लिअरवर असेल तर आठवड्याने १५०० आणि २००० नंबरने पाण्यात घासून कंपाउंड लावले की निघते. मेटॅलिक बेसवर असेल तर घासू नका.

ओघळ: अंतर कमी किंवा हात थांबला. ओला ओघळ पुसायला जाल तर मोठी जखम होते. दोन दिवस वाळवा, ६०० चा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फक्त ओघळ घासा.

पूर्ण पापुद्रा नखाने उठणे: खाली तेल, गुळगुळीत न घासलेला जुना रंग किंवा चुकीचा प्रायमर. वरून दुरुस्ती होत नाही. आपल्या कामाची परीक्षा सात दिवसांनी, न दिसणाऱ्या जागी घ्या: ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेषा दोन-दोन मिलिमीटरवर ओढा, टेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. चौकोन टेपवर आले तर उरलेल्या भागांवर तीच पद्धत वापरू नका.

काही महिन्यांत बुडबुडे: गंज खाली जिवंत राहिला. रबरासारखे अंडरबॉडी कोटिंग गंजावर चढवले की हेच होते, फक्त दिसायला उशीर लागतो, आणि तोवर पत्रा भोकाला आलेला असतो.

पहिला पावसाळा

मृगाच्या सरी सुरू होण्याआधी एकदा, आणि मग सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा, गाडी धुतल्यावर स्विंग आर्मची खालची बाजू, स्टँडची टोके आणि वेल्डिंगचे सांधे हात फिरवून तपासा. पाण्याचा जेट नव्या रंगाच्या कडेवर जवळून मारू नका. खडीने उडालेला टवका दिसला तर तो त्याच आठवड्यात बुजवा: ३२० ने टिचकीभर जागा घासा, अल्कोहोलने पुसा, प्रायमर डब्याच्या टोपणात थोडा फवारून बारीक ब्रशने लावा, दुसऱ्या दिवशी तसाच रंग. त्यासाठी साध्या डब्यातला उरलेला रंग जपून ठेवा आणि डब्यावर पेनने लिहा: कोणता भाग, कोणता प्रायमर, कोणत्या महिन्यात मारला. रिकामा डबा भोक पाडून किंवा जाळून संपवू नका. नोझल दाबून गॅस पूर्ण जाऊ द्या आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्या.